पुढच्या तीन सालांचे हक्क

दादाचे खेळाडू आता माझ्याकडे आहेत. त्याने ते दिले नाहीत आणि मी मागितले नाहीत. दोघांचाच खेळ असला आणि त्यातला एक उठून गेला, की त्याचं जे काही असतं ते दुसऱ्यापाशी उरतं.

खेळ असा होता. अमेरिकेत बास्केटबॉलची जी मोठी व्यावसायिक लीग आहे, तिच्यातले खरे खेळाडू आम्ही बहीणभाऊ आपसात वाटून घ्यायचो. दहा त्याचे, दहा माझे. तिकडे सामने होतील तसं आपापल्या माणसांचं काम मोजायचं आणि हंगाम संपला की कुणाचा संघ पुढे ते बघायचं. तिथे जूनअखेरीस कॉलेजातली आणि परदेशातली नवी पोरं निवडली जातात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. आम्हीही त्याच दिवशी एकेक नवा मुलगा घ्यायचो. गेल्या साली जो हरला असेल त्याने आधी. मधल्या काळात खेळाडूंची अदलाबदल चालायची. आणि नुसते खेळाडूच नाही, पुढच्या सालच्या निवडीचा हक्कसुद्धा देता यायचा. म्हणजे मी म्हणायचे, तुझा तो डावखुरा मला आज दे, पुढच्या जूनला माझ्या वाट्याचा मुलगा तू निवड. तिकडे याला ट्रेड म्हणतात. आम्ही सौदा म्हणायचो. यातलं कुठे काही लिहिलेलं नव्हतं. दोघांनाही सगळं पाठ होतं.

आम्ही मूळचे कोरेगाव तालुक्यातले. घरचा ऊस आणि बहुतेक घरांतला एकजण पलटणीत, असं आमचं गाव. दादा मिसरूड फुटताच भरती झाला. उंच होता म्हणून त्याला पलटणीच्या बास्केटबॉल संघात उभं केलं, आणि नुसता उभा केलेला माणूस हळूहळू खेळाडू झाला. पहिल्या मोठ्या सुट्टीत घरी आला तेव्हा त्याने गावच्या लोहाराकडून एक कडं करून घेतलं आणि गोठ्याच्या भिंतीवर उंच ठोकलं. लोहाराने बास्केटबॉलचा चेंडू कधी पाहिलेला नव्हता. त्याने अंदाजाने केलेलं कडं इतकं अंगाबरोबर झालं होतं की चेंडू जरा तिरका गेला की त्यातच अडकून बसायचा आणि खाली म्हशी मान वर करून बघत राहायच्या. त्या कड्यात मी चेंडू टाकायला शिकले. आईला ते आवडलं नव्हतं. दादा तिला म्हणाला, ही जन्मभर पुस्तकात मान घालून बसणार आहे, दिवसातनं चार वेळा तरी हात वर करू दे तिला.

त्याचं पहिलं म्हणणं खरं झालं. मी साताऱ्याला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी धरली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावरही साताऱ्यातच राहिले. दादा पलटणीतून सुटला तेव्हा वहिनींचं माहेर जवळ म्हणून सांगलीत घर केलं. नदीच्या बाजूला एक मैदान होतं, तिथे सकाळी मुलींना बास्केटबॉल शिकवायचा. मोठा पूर आला की ते मैदान पाण्याखाली जायचं, आणि पाणी ओसरलं की दादा आणि त्याच्या मुली फावडी घेऊन गाळ काढायला लागायच्या. पोरींचे दंड यानेच तयार होतात, असं तो म्हणायचा.

तिकडच्या रात्रीचे सामने आपल्याकडे सकाळी लागतात. मी चहा ठेवायचे, मोबाईल डब्याला टेकवून उभा करायचे, आणि दुसऱ्या डावाच्या सुमाराला दादाचा फोन यायचा. तो नमस्कार, कशी आहेस वगैरे कधी म्हणायचा नाही. थेट सुरू व्हायचा, की बघितलंस का तुझ्या म्हाताऱ्याला, धाप लागलीया त्याला.

कारण माझ्या संघात म्हातारेच जास्त असायचे. मला सिद्ध झालेलं माणूस आवडतं. ज्याने दहा वर्षं काम करून दाखवलं आहे त्याच्यावर मी भरवसा ठेवते. पुस्तकांचंही माझं तसंच आहे. दादाचं उलट होतं. त्याला एकोणीस वर्षांची, हाडापेराने मोठी, अजून काहीही न केलेली पोरं लागायची. दरवर्षी हंगाम रंगात आला की मला एखाद्या मुरलेल्या खेळाडूचा मोह पडायचा आणि मी पुढच्या सालचा हक्क दादाला देऊन तो घ्यायचे. त्या हक्कावर दादा कुठलं तरी काटकुळं पोर उचलायचा. दोन वर्षं मी त्या पोराला हसायचे. तिसऱ्या वर्षी तेच पोर माझ्या सगळ्या मुरलेल्यांना धुऊन काढायचं. हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा झालं. तरी मी तीच चूक करत राहिले आणि तो तेच शहाणपण करत राहिला. माझा संघ पेन्शनरांचा कट्टा आहे, असं तो सगळ्यांना सांगायचा.

त्याची पोर बघायची रीत निराळी होती. गुण किती केले ते तो शेवटी बघायचा. आधी पाय बघायचा. समोरचा अंगावर येतो तेव्हा गुडघे वाकतात की माणूस काठीसारखा ताठ राहतो, ते. मग नेम चुकल्यावर पोर कुणाकडे बघतं ते. पंचाकडे बघणारं नको, बापाकडे बघणारं नको, स्वतःच्या हाताकडे बघून पळत सुटणारं हवं. बाकावर बसवलेलं असताना टॉवेल डोक्यावर घेतं की उभं राहून दुसऱ्यासाठी टाळी वाजवतं, हेही तो बघायचा. मी म्हणायचे, हे काय मोजायचं माप आहे का. तो म्हणायचा, तुला मोजता येत न्हाई म्हणून ते न्हाईच असं हाय व्हय गं, बुकवाले.

सौद्याचंही त्याचं शास्त्र होतं. दोन चांगली माणसं मिळाली म्हणजे संघ चांगला झाला, असं नसतं. चेंडू एकच असतो. तीन जणांना तो हातात लागत असेल तर चौथा असा हवा ज्याला तो नकोच असतो, ज्याला खाली पडलेला चेंडू उचलून देण्यातच सुख आहे. असा माणूस सौद्यात स्वस्त मिळतो, कारण त्याची किंमत तो निघून गेल्यावर कळते. हे त्याने मैदानावरही केलं होतं. त्याच्याकडची सगळ्यात नेमबाज मुलगी त्याने साताऱ्याच्या एका क्लबाला आपण होऊन देऊन टाकली, तिची तिथे राहण्याची सोय होत होती म्हणून. बदल्यात त्या क्लबातून माण तालुक्यातली एक उंच मुलगी घेतली. तिच्या घरचे पिढ्यानपिढ्या मेंढरांमागे फिरलेले. तिला चेंडू धरता येत नव्हता, पण दिवसभर पळाली तरी दमायची नाही. लोक दादाला वेड्यात काढत होते. मी विचारलं तर म्हणाला, ही मेंढरं राखलेली पोर हाय, हिला कोण कुठनं सुटणार ते आधी कळतं. पुढच्या सालापासून त्या मुलीसमोर कुणाला गुण करता येईनात.

वहिनींना आमचा कागदावरही नसलेला हा खेळ म्हणजे शुद्ध वेडेपणा वाटायचा. फोनवर आमचा सौदा रंगला की त्या मागून म्हणायच्या, "लोकांची पोरं वाटून घेताय बहीणभाव, त्यांच्या आयांना इचारलंय का?" पण दादाचा चहा त्या नेमक्या त्याच वेळी आणून द्यायच्या आणि दोन मिनिटं मागे उभ्या राहून बघायच्या. एखाद्या खेळाडूचा घाम बघून म्हणायच्या, याला कुणी तरी पाणी द्या.

गेल्या हिवाळ्यात दादाची पाठ दुखायला लागली. आधी सगळ्यांनी ते मैदानाच्या खाती घातलं. मग अन्न जाईना. मिरजेला तपासण्या झाल्या आणि माझ्या भाच्याने, दादाच्या मुलाने, मला फोन केला. स्वादुपिंडाचा कर्करोग, आणि तो यकृतापर्यंत गेलेला. ऑपरेशनचा उपयोग नाही, डॉक्टरांच्या अंदाजाने दसरा-दिवाळीपर्यंत, असं त्याने सांगितलं. मग म्हणाला, "आत्या, बाबांना सांगायचं न्हाई असं ठरलंय. आईनं शपथ घातलीय सगळ्यांना. गाठ हाय, औषधानं विरघळंल, असं सांगितलंय."

ही आपल्याकडची रीतच आहे. दुखणं ज्याचं असतं त्याला सोडून ते सगळ्यांना माहीत असतं. कळलं की माणूस हाय खातो, मग औषध लागू पडत नाही, असं सगळे मानतात, आणि त्यात खोटं किती आणि खरं किती हे मला आजही ठरवता येत नाही. मी हो म्हटलं. वहिनींच्या शब्दाबाहेर मी कशी जाणार होते.

मी सांगलीला जाऊन राहिले. घरात त्या गुपिताची व्यवस्था लागलेली होती. दादाची खाट समोरच्या खोलीत, खिडकीपाशी. बघायला आलेल्या माणसाला वहिनी फाटकातच गाठायच्या. चपला काढता काढता हळू आवाजात त्याला सगळं सांगायच्या, काय बोलायचं आणि काय नाही ते, डोळ्यांत पाणी आणायचं नाही ते. मग तो माणूस आत येऊन मोठ्याने म्हणायचा, काय मेजर, आराम चाललाय. दादा मेजर वगैरे नव्हता. तो हसून घ्यायचा. एकदा मला म्हणाला, "आजकाल माणसांस्नी चपला काढायला लय येळ लागतोय, न्हाई?" मी पाणी आणायला आत गेले.

मे महिन्यात तिकडे शेवटच्या फेऱ्या चालू होत्या. दादाला आता बसवत नव्हतं, मी त्याच्या उशाशी मोबाईल धरून बसायचे. वहिनी नळाला पाणी आलं म्हणून मागे गेल्या होत्या. माझ्या संघात एक सेंटर होता, म्हणजे कड्याजवळ खेळणारा उंच माणूस, छत्तीस वर्षांचा, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेला. निम्मे सामने तो बाकावर असायचा. उरलेल्या निम्म्यांत मात्र जागेवर उभा राहून असा पास द्यायचा की बघणाऱ्याचं मन भरून यायचं. दादाने आयुष्यात कधी असल्या माणसाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

तो म्हणाला, "तुझा म्हातारा मला दे. येत्या जूनची निवड माझी मला ऱ्हाऊ दे. त्याच्या म्होरल्या तीन सालांचं माझं सगळं हक्क तुला."

यापेक्षा वेडा सौदा आमच्यात कधी निघालाच नव्हता. एका लंगड्या खेळाडूसाठी तीन वर्षांची पोरं. आणि तो दादाकडून निघाला होता, ज्याने सगळा जन्म पुढच्या सालासाठी आजचं सोडलं. मी सौद्याला लगेच उत्तर देणारी बाई नाही. एरवी मी म्हटलं असतं, बघते, वाचते, उद्या सांगते, आणि उद्या आणखी एखादा खेळाडू वर मागितला असता. पण त्या वेळी माझ्या मनात एवढंच आलं की त्याला काही तरी आत्ता हवं आहे. पहिल्यांदाच त्याला आत्ता काही हवं आहे.

मी म्हटलं, "बरं. घे."

दादाने माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि पालथा करून पोटावर ठेवला. सामन्याचा आवाज येत राहिला. 

मग त्याने आबांची आठवण काढली. आबा म्हणजे आमचे वडील. लहानपणी ते दादाला बैलबाजारात न्यायचे. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा टॉवेलाखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे भोवतीच्यांना कळत नाही. एकदा आबांना एक खिल्लार बैल फार आवडला होता. त्यांनी टॉवेलाखाली पहिली बोली लावली, मुद्दाम कमी. विकणाऱ्याने लगेच मान डोलावली. आबांनी हात काढून घेतला आणि दादाला घेऊन चालू लागले. दादा रडायला लागला, एवढा चांगला बैल, एवढा स्वस्त. आबा म्हणाले, पहिल्याच बोलीला हो म्हणला, म्हणजे बैलाचं त्याला काही तरी ठावं आहे जे आपल्याला न्हाई.

हे सगळं त्याने मला सावकाश सांगितलं, मध्ये दम घेत. मला ही गोष्ट माहीत नव्हती. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मी काय पहिल्यांदा इचारतोय व्हय. समद्यांस्नी इचारून झालं. पोराला, डॉक्टरला, हिच्या भावाला. समदी गाठीचंच सांगत्यात." माझा हात त्याने धरला. बोटं थंड होती. "कवापतूर गं?"

मी सांगितलं. दसरा म्हणतात, फार तर दिवाळी. 

त्याने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाला, "म्हंजे ड्राफ्ट गावंल." आणि थोड्या वेळाने, "हंगाम दिवाळीच्या आगंमागं सुरू हुतोय. म्हाताऱ्याचं दोन-चार सामनं बी गावतील." मी म्हटलं, दादा, सौदा राहू दे, मी काही तुझे हक्क घेत नाही. तर तो चिडला. सौदा तो सौदा. त्याला खरंच तो म्हातारा हवा होता. मीपण एकदा बघतो की, म्हणाला, आत्ताच्या माणसावर संघ उभा करायला कसं वाटतं ते.

मागे नळ बंद झाल्याचा आवाज आला. वहिनी भरलेली घागर घेऊन येत होत्या. दादाने माझा हात दाबला आणि हळू म्हणाला, "हिला कळू देऊ नको, मला कळलंय म्हणून. ती मला जपतीया. तेवढंच तिच्या हातात हाय, ते काढून घिऊ नको."

अशी त्या घरात दोन गुपितं झाली. वहिनी त्याच्यापासून लपवत होत्या आणि तो वहिनींपासून, आणि दोन्ही माझ्यापाशी. त्या कामात दोघंही फार हुशार निघाली. वहिनी म्हणायच्या, गाठ बारीक झाल्यासारखी वाटते हाताला. तो म्हणायचा, वाटतीया खरी, भूक बी लागतीया जरा. मग त्यांच्यासमोर चार घास खायचा आणि त्या गेल्या की मी त्याच्यापुढे भांडं धरायचे. सकाळी सकाळी त्या त्याला सांगायच्या की पावसाळा संपल्यावर मैदानावर जाता येईल. तो म्हणायचा, कड्यामागच्या बोर्डाला रंग द्यायला लागंल. मला वाटायचं, एका खोलीत बसून ही दोघं रडली असती तर. चाळीसेक वर्षांचा संसार, आणि निरोप म्हणून बोर्डाचा रंग. पण ते मी कुणाला सांगायचं होतं?

जूनअखेरीस ड्राफ्ट झाला. आपल्याकडे तो पहाटे सुरू होतो. दादाने आदल्या दिवशीच वहिनींना सांगून ठेवलं होतं की उद्या मला लवकर उठवून बसव, पोर निवडायचंय. त्यांनी त्याला उशांना टेकवून बसवलं, तोंड पुसलं, आणि दाराशी भाजी निवडत बसल्या. गेल्या साली दादाच जिंकला होता, म्हणून आधी मी निवडलं. मी माझ्या स्वभावाप्रमाणे एक तयार मुलगा घेतला, चार वर्षं कॉलेजात खेळून आलेला.

दादाची पाळी आली. मागचे काही दिवस आम्ही त्या मुलांचे सामने बघितले होते आणि मला त्याची निवड माहीत होती. एक मध्यम उंचीचा बचाव करणारा मुलगा होता, चुकल्यावर स्वतःच्या हाताकडे बघणारा. दादाला तो फार आवडला होता. पण दादाने त्याला घेतलं नाही. त्याने युरोपातला एक अठरा वर्षांचा, प्रचंड उंच, हडकुळा मुलगा घेतला, ज्याला आम्ही दोघांनीही आधी बाद केलं होतं.

 वहिनींनी मान वर केली आणि विचारलं, "कोण घेतलं?"

"लांबचं हाय," दादा म्हणाला. त्याचा आवाज एवढा मोठा मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. "आज काय कामाचं न्हाई. अजून चार वर्षांनी बघ त्याला. चार वर्षांनी ह्या बुकवालीला रडवतो का न्हाई बघ."

"चार वर्षं!" वहिनी म्हणाल्या, आणि हसल्या. किती तरी दिवसांनी त्या तशा हसल्या. उठून चहा टाकायला गेल्या.

त्या आत गेल्यावर दादा उशीवर घसरला. मी त्याला सरळ केलं. डोळे मिटूनच तो मला म्हणाला, "ह्याचं काय व्हायचं न्हाई. गुडघंच वाकत न्हाईत त्याचं."

दादा श्रावणात गेला. डॉक्टरांनी सांगितलेल्याच्या बऱ्याच आधी. सकाळची वेळ होती, वहिनी त्याचे केस पुसत होत्या. दसरा त्याला मिळाला नाही, हंगाम मिळाला नाही. ज्याच्यासाठी त्याने तीन सालं दिली, तो म्हातारा सेंटर त्याच्याकडून एकही सामना खेळला नाही. मैदानावरच्या मुली आल्या होत्या, रांगेत उभ्या होत्या, कुणी त्यांना काही सांगायच्या आधीच.

मी साताऱ्याला परत आले. पुढच्या तीन सालांचे हक्क आता माझे आहेत. दोन्हीकडून निवडायचं मीच. त्याला काय अर्थ आहे ते मला कळत नाही. हंगाम सुरू झाला त्या सकाळी मी सवयीने चहा ठेवला आणि मोबाईल डब्याला टेकवला. दुसऱ्या डावाच्या सुमाराला मी आवाज बंद केला, मग सामनाच बंद केला. पुढचे काही दिवस मी काही बघितलं नाही.

दिवाळीनंतर सांगलीला गेले. वहिनींनी समोरच्या खोलीतली खाट काढून टाकली होती. तिथे आम्ही खाली चटईवर बसून पावटे सोलत होतो. वहिनी आता फार बोलत नाहीत. बऱ्याच वेळाने त्या खाली बघूनच म्हणाल्या, "वन्सं, त्यांना न्हाई ना कळलं? शेवटपतूर?"

मी काही बोलायच्या आत त्याच पुढे बोलल्या. "न्हाईच कळलं. कळलं असतं तर चार वर्षांनी कामाला येणारं पोरगं कशाला घेतलं असतं त्यांनी. मला तवाच जिवाला बरं वाटलं. म्हटलं, ह्यांच्या मनात अजून चार वर्षं हायत."

त्यांचे हात चालू होते. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. रोज त्याला उठवलेले, पुसलेले, फाटकात माणसं थोपवलेले हात. खरं सांगावं असं मला वाटलं, नाही असं नाही. सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं की तो किती जपत होता त्यांना. पण मग त्यांनी त्याला जपलं होतं, ते कुठे गेलं असतं?

"न्हाई कळलं, वैनी," मी म्हटलं.

त्यांनी पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, "तेवढं एक जमलं मला." मग सोललेले दाणे पातेल्यात ओतले आणि माझ्याकडे वळल्या. "त्या पोराला तुमी सोडू नका हं. कुणी काय बी दिलं बदल्यात तरी."

बदल्यात देणारं आता कोण आहे, हे मी बोलले नाही.

आता मी परत सामने बघते. तो मुलगा ज्या संघात आहे, त्या संघाचे. तो खेळत नाही. बाकाच्या टोकाला बसलेला असतो, टॉवेल डोक्यावर घेऊन. कधी सामना हातातून गेलेला असतो तेव्हा शेवटची दोन मिनिटं त्याला उतरवतात, आणि तो काठीसारखा उभा राहतो, आणि लोक त्याच्या बाजूने निघून जातात. दादा त्याच्याबद्दल बरोबर बोलला होता.

आठवड्यातून दोन-तीनदा वहिनींचा फोन येतो. कशी आहे, काय खाल्लं, असं थोडं विचारून होतं. मग त्या विचारतात, "खेळला का आज?"

"न्हाई वैनी. बसवलंय अजून."

"बसू दे," त्या म्हणतात. "पयलंच तर साल हाय."